ग्लायडर कुठे ठेवायचं: कव्हरखाली, ट्रेलरात की हँगरमध्ये?

जुनं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बघायला जाल तेव्हा लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) नंतर चाळा, आधी अंगठा वापरा. पंखाच्या वरच्या बाजूला जरा दाबून घासा. फळा पुसल्यावर हाताला लागते तशी पांढरी भुकटी लागली, तर त्या पंखाने भरपूर ऊन खाल्लंय असं समजा. मग विजेरी पंखाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. समोरून आरशासारख्या चकचकीत दिसणाऱ्या पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगा उमटतात. बहुतेक भेगा पंखाच्या पुढच्या कडेकडून मागे गेलेल्या असतात.

आम्ही तिघांनी मिळून दक्षिण जर्मनीत एक स्टँडर्ड सिरस घेतलं. पंधरा मीटर पंखविस्ताराचं हे मॉडेल १९६९ साली पहिल्यांदा उडालं, म्हणजे आज मिळणारी बहुतेक सिरस पन्नाशीच्या आसपासची. आमच्यातल्या कोणीच विजेरी नेली नव्हती. तेव्हापासून ‘हे ठेवायचं कुठे’ या प्रश्नावर तिघांचं जेवढं भांडण झालंय तेवढं पैशावरूनही झालेलं नाही. तुम्ही याच निर्णयापाशी असाल तर आमचा हिशेब उपयोगी पडेल.

आधी हे खराब का होतं ते पाहू. फायबरग्लासचं पहिलं ग्लायडर, फीनिक्स, १९५७ मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या कामातून तयार झालं आणि तेव्हापासून पंख साच्यात घडवायची पद्धत रुळली. साच्यात सगळ्यात आधी पांढऱ्या जेलकोटचा थर फवारतात, त्यावर काचेचं कापड आणि ते घट्ट बांधून ठेवणारं इपॉक्सी रेझिन. हा जेलकोट पॉलिस्टर रेझिनचा असतो. कडक आणि घासून गुळगुळीत करायला उत्तम, पण ताणला जात नाही. पंख मात्र हवेत चांगलाच वाकतो. वर्षानुवर्षं अतिनील किरणांनी कोरडा झालेला हा थर उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत वाकवला की तडकतो. त्या भेगांत ओल शिरते. पांढरा रंगही हौसेचा नाही. इपॉक्सी तापली की मऊ पडते, म्हणून त्या पिढीच्या पांढऱ्या पंखांची ताकद ५४ अंश सेल्सिअस धरून तपासलेली असते. गडद पंख भर उन्हात ती मर्यादा सहज ओलांडेल.

थोडक्यात शत्रू तीन आहेत: ऊन, ओल आणि थंडी. थंडीचं काही करता येत नाही, ती उडण्यातच येते. उरलेल्या दोघांपैकी लोक उन्हाला घाबरतात आणि ओलीकडे दुर्लक्ष करतात. आम्हीही तेच केलं.

कव्हरचा मोह कुणालाही पडतो. ग्लायडर पंख न सोडवता, जोडलेलंच मैदानावर बांधून ठेवायचं, वरून पांढरं कव्हर. सकाळी दहा मिनिटांत कव्हर काढून उडायला तयार. जोडणीचा पाऊण तास वाचतो, शिवाय पंख उचलायला माणसं शोधावी लागत नाहीत. चांगली कव्हरं पाणी बाहेर ठेवतात, आतली वाफ बाहेर सोडतात, आणि आतून मऊ असतात. डेन्मार्कची जॅक्सिडा याच कामासाठी ओळखली जाते. साधी ताडपत्री टाकायचा विचारही करू नका. तिच्याखाली पंख घामेजतो.

पण चांगल्या कव्हरलाही दोन अटी आहेत, पंख कोरडा हवा आणि स्वच्छ हवा. दुसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सर येऊन गेली. अंधार पडत होता, आम्ही वरवर पुसलं आणि कव्हर चढवलं. मग तीन दिवस कडक ऊन. चौथ्या दिवशी कव्हर काढलं तर उजव्या पंखावर, मुळाजवळ, हातावर काटा यावा तशा बारीक पुळ्या. डोळ्यांना दिसायच्या आधी तळहाताला लागल्या. पंख आत नेऊन वाळवल्यावर बऱ्याचशा बसल्या, काही अजून आहेत. ऊन एकट्याने हे करत नाही. ओल अडकवून वरून शेकलं की होतं.

दुसरी अट धुळीची. वारा कव्हरला सतत हलवत असतो. खाली धूळ असेल तर ते कापड म्हणजे पंधरा मीटर लांबीचा पॉलिश पेपर. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मे महिन्यात ज्यांनी ग्लायडर ढकललंय त्यांना ही धूळ कशी असते ते सांगायला नको. तिथे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कोरडा पंख ही अट पाळणंच अवघड, त्यामुळे आपल्याकडे कव्हरवर भिस्त ठेवून ग्लायडर उघड्यावर ठेवणं मला पटत नाही. युरोपातल्या कोरड्या उन्हाळ्यात, रोज उडत असाल आणि रोज पंख धूत-पुसत असाल, तर कव्हर चालेल. आठवड्यातून एकदा येणाऱ्याने कव्हर म्हणजे पंखाची सोय झाली असं समजू नये. आणि हो, पंखाच्या सांध्यावरची चिकटपट्टी संध्याकाळी काढाच. उन्हात भाजलेली पट्टी गोंद मागे ठेवते, नाहीतर जुना जेलकोट सोबत घेऊन येते.

ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची लांब बंद पेटी, पंख सोडवून ग्लायडर तिच्यात ठेवतात. तिथे ऊन शून्य. पंख पाळण्यात झोपल्यासारखे निवांत. पण बंद ट्रेलर उन्हात भट्टी होतो, म्हणून छत पांढरं आणि हवा खेळायला झरोके हवेत. ओलं ग्लायडर आत ढकललं तर कव्हरचीच कथा, फक्त बुरशी वाढीव. ट्रेलरचा खरा खर्च वेगळाच आहे. दर वेळी जोडायचं, सोडायचं, आणि पंखाला पडणारे बहुतेक टवके नेमके तेव्हाच पडतात. पंखाचं टोक धरणारा माणूस गप्पांत रंगला की झालं.

हँगर, म्हणजे विमानांची शेड, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मिळत असेल तर घ्या. मिळत नाही, मिळालं तर भाडं द्यावं लागतं, आणि दाटीवाटीने लावलेल्या हँगरमध्ये तुमच्या पंखाला धोका उन्हाचा नसून शेजाऱ्याच्या पंखटोकाचा असतो. वर घरटी करणाऱ्या पाखरांची शिट रोज पुसायची तयारी ठेवा.

कुठेही ठेवलं तरी मेण हवंच. हिवाळ्यात वर्षातून एकदा कडक मेण, फिरत्या कापडी चाकाने, आणि ते सिलिकॉनविरहित. सिलिकॉन एकदा भेगांत मुरलं की पुढे दुरुस्तीचा जेलकोट किंवा रंग तिथे धरत नाही. चाक एका जागी रेंगाळू देऊ नका, पृष्ठभाग तापतो. आणि दर पॉलिशला थर थोडा झिजतो हेही लक्षात असू द्या. चकाकीच्या नादात पुढच्या कडेवर खालचं काचेचं कापड उघडं पाडलेले पंख मी पाहिले आहेत.

भेगा आधीच असतील तर प्रश्न बदलतो: पुन्हा जेलकोट की पॉलियुरेथेन रंग? रंग लवचीक, पंखाबरोबर वाकतो, तडकत नाही, ऊनही जास्त सोसतो. पण तो पातळ आणि मऊ. ओरखडा घासून काढायला गेलात तर थर संपतो. जेलकोट जाड असल्याने घासून पंखाचा आकार अगदी नेमका करता येतो, त्यामुळे स्पर्धेत उडणारे अजूनही त्यालाच धरून आहेत. हौशी उडणाऱ्याला रंगच बरा असं माझं मत. मात्र भेगांवरून सरळ रंग मारायची स्वस्त युक्ती कोणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. खालची भेग काही काळाने वर उमटतेच. जुना थर पूर्ण घासून काढावा लागतो. सिरसच्या पंखांचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटर, वर-खाली मिळून वीस, आणि शेपूट-धड वेगळं. काम शेकडो तासांचं. कार्यशाळेत दिलं तर बिल जुन्या ग्लायडरच्या किमतीला गाठतं, कधी मागेही टाकतं.

एक गोष्ट घरी काम करणारे विसरतात. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) आणि रडर (शेपटीचं उभं सुकाणू) रंगवले की त्यांचं वजन वाढतं, तेही बिजागरीच्या मागे. ते पुन्हा तोलून मॅन्युअलच्या मर्यादेत बसवावं लागतं, नाहीतर वेगात फडफड सुरू होण्याचा धोका. तपासनीसाला न विचारता इथे ब्रश लावू नये.

आमचं सिरस आता ट्रेलरात असतं. कव्हर ठेवलंय, पण ते फक्त सुट्टीच्या त्या दोन आठवड्यांसाठी, जेव्हा रोज उडतो आणि रोज संध्याकाळी पंख पुसायला तिघंही हजर असतो. एरवी शनिवारी सकाळी जोडणी. तिला तीन माणसं लागतात, आणि तिसरा नेहमी उशिरा येतो.