ईव्हीपी करून देणारी सर्व्हिस घेतली: मुलाखती एकदम मस्त, पोस्टर फुकट गेले (साडेतीन स्टार)

आमचं काम मशीन सर्व्हिसिंगचं, चाळीसेक माणसं आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त रोज कस्टमरकडे फिरतीवर. वर्षभरात चांगली तयार झालेली पोरं एकामागोमाग सोडून गेली आणि प्रत्येकाच्या राजीनाम्यात कारण तेच, 'बेटर ऑपॉर्च्युनिटी'. म्हणजे नक्की काय रे बाबा, तर ते कुणी सांगत नाही. म्हणून शेवटी एका कन्सल्टिंगवाल्यांकडून एम्प्लॉयी व्हॅल्यू प्रपोझिशन, म्हणजे ईव्हीपी, करून घ्यायचं ठरवलं. नाव देत नाही, कारण अर्ध्या कामाबद्दल तक्रार आहे आणि मला भांडण वाढवायचं नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणूस मनात विचारतो, इथे काम करून मला काय मिळणार आणि बदल्यात माझ्याकडून काय मागणार, त्याचं खरं उत्तर म्हणजे ईव्हीपी. पगार आलाच, पण सुट्ट्या, शिकायला मिळणं, पुढे जायची वाट, साहेब कसा आहे, हे सगळं त्यात येतं. त्यांच्या पहिल्याच स्लाइडवर टिम ॲम्बलर आणि सायमन बॅरो ही दोन नावं होती, 1996 साली या दोघांनी 'एम्प्लॉयर ब्रँड' ही कल्पना मांडली, की नोकरीतून माणसाला तीन तऱ्हेचे फायदे होतात, कामाचे, पैशाचे आणि मनाचे. थिअरीच्या स्लाइड बऱ्याच होत्या, माझ्या लक्षात राहिली ती एवढीच.

आता चांगलं काय ते आधी सांगतो. मुलाखती घेणाऱ्या मॅडम खरंच तयारीच्या होत्या. त्यांनी आमच्याकडे असलेल्यांशी तर बोललंच पण सोडून गेलेल्यांनाही फोन लावले, कारण हिशोब पूर्ण होऊन चार-सहा महिने गेले की माणूस मोकळं बोलतो, नोटीस पिरियडमध्ये तो फक्त गोड बोलतो. आणि 'इथे खूश आहात का' असं विचारायच्याच नाहीत, विचारायच्या की 'गेल्या महिन्यात कुठल्या दिवशी वाटलं की बास झालं, सोडावं?' आमचे एक सीनियर टेक्निशियन आहेत, एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत. त्यांनी म्हणे खिशातून मोबाइल काढला आणि ग्रुप उघडून समोर धरला, उद्या कुणी कुठे जायचं त्याचा मेसेज, रात्री दहा सत्तेचाळीस. वर सरकवलं, अकरा पाच. अजून वर, दहा तीस. म्हणाले, 'मुलीच्या शाळेत मीटिंग असते, येतो असं मला कधी सांगताच येत नाही.' नंतर त्यांनी स्वतःच मला येऊन हे दाखवलं. त्या ग्रुपमध्ये मी पण आहे हो! रोज बघत होतो तो मेसेज, आणि मला वाटायचं पोरं पगारासाठी जातायत.

पगाराचा भाग नव्हता असं नाही. मॅडमनी आधी तेच तपासायला लावलं, ज्युनियर पोरांना आम्ही खरोखर कमी देत होतो, ते आधी नीट केलं. त्यांनी हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं 1959 सालचं म्हणणं सांगितलं की पगार, नियम, कामाची परिस्थिती वाईट असली की माणूस वैतागतो, पण ती नीट केली म्हणून त्याला हुरूप येतोच असं नाही, हुरूप येतो तो जबाबदारी दिल्यावर, केलेल्या कामाची कुणी दखल घेतल्यावर. आमच्या बाबतीत तरी वैताग आधी संपवणं भाग होतं.

वर्कशॉप पण भारी झालं. आम्ही मॅनेजर मंडळींनी चिठ्ठ्यांवर काय लिहिलं असेल? 'आपण एक कुटुंब आहोत.' मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'कुटुंबात नोटीस पिरियड असतो का सर?' सगळे गप्प. मग त्यांनी एक चाळणी दिली, प्रत्येक वाक्यावर आपल्या स्पर्धक कंपनीचं नाव टाकून वाचा, तरी बरोबर वाटलं तर फेकून द्या, आणि उरेल त्याला पुरावा आणा. 'इथे शिकायला मिळतं' म्हणता, तर गेल्या वर्षी कुणाला काय शिकवलं ते दाखवा. तीसेक चिठ्ठ्यांतल्या चार उरल्या.

इथवर पाच स्टार. पुढे मात्र गाडी घसरली.

एक तर सर्व्हेचा रिपोर्ट डिपार्टमेंटप्रमाणे फोडून दिला. आमच्या स्टोअरमध्ये माणसं तीन. 'नाव कुठेच येणार नाही' असं सांगून घेतलेली उत्तरं, आणि तिघांतलं कोण काय बोललं हे वाचणाऱ्याला लगेच कळतंय. पाचपेक्षा कमी जणांचा गट वेगळा दाखवू नये ही साधी गोष्ट आहे, ती यांना आम्ही सांगावी लागली. रिपोर्ट मागे घेतला, पण स्टोअरवाले अजून माझ्याशी जपूनच बोलतात.

दुसरं म्हणजे डिझाइनची टीम वेगळी, जी आमच्याकडे कधी फिरकलीच नाही. त्यांनी टॅगलाइन दिली, 'तुमची वाट, आमची साथ', आणि लॅपटॉपभोवती हसत उभ्या असलेल्या लोकांचा फोटो. आमच्या पोरांचे हात ग्रीसने काळे असतात, लॅपटॉप कुठला! पोस्टर लावलं, दुसऱ्या दिवशी खाली पेनने कुणीतरी लिहिलेलं होतं, 'आणि शेड्यूल रात्री अकराला'. मी काही ते कुणी लिहिलं हे शोधायला गेलो नाही.

शेवटी मजकूर आम्हीच बसून साध्या भाषेत लिहिला. पहिले सहा महिने सीनियरबरोबरच पाठवणार, एकट्याला नाही. फिरती भरपूर, वजन उचलावं लागतं, महिन्यातले दोन शनिवार काम असतं. उद्याचं शेड्यूल आज संध्याकाळी सहाच्या आत. नोकरीच्या जाहिरातीत पण हेच टाकतो, कडू भागासकट. जॉन वॅनस यांनी 1970 च्या दशकात यावरच अभ्यास केला होता, की येणाऱ्याला कामाचं खरं चित्र आधीच दाखवलं तर काय होतं. आमच्याकडे अर्ज कमी झाले हे खरं, पण दुसऱ्याच आठवड्यात फोन बंद करून गायब होणारे जवळपास थांबले. पगारही त्याच वेळी वाढवला होता, त्यामुळे सगळं श्रेय ईव्हीपीला देणार नाही.

सहाची वेळ पाळायला सेल्सवाल्यांशी बरीच खडाजंगी झाली. आता पाचनंतर आलेला कॉल परवावर जातो, मशीन बंद पडलं असेल तरच उद्या.

घ्यायची का ही सर्व्हिस? मुलाखती आणि वर्कशॉप एवढंच घ्या, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, मुलाखत प्रत्यक्ष कोण घेणार ते आधी विचारा आणि लहान गटांचं काय करणार तेही. टॅगलाइन-पोस्टरचं पॅकेज गळ्यात मारतील, नको म्हणा.

पोस्टर काढलं, त्या जागी आता शेड्यूलचा कागद लागतो. काल साडेसहा वाजले, तर दोघंजण तिथे उभे राहून घड्याळाकडे बघत होते.