एनएसजीए-२ की एनएसजीए-३? आधी उद्दिष्टं मोजा

तुळई हलकी हवी आणि वाकायलाही कमी हवी. एनएसजीए-२ आणि एनएसजीए-३ हे अशा भांडणाऱ्या उद्दिष्टांमधल्या चांगल्या तडजोडी पिढ्यानपिढ्या शोधणारे जनुकीय अल्गोरिदम. उद्दिष्टं दोनच असतील, तर एनएसजीए-२ घ्या. दोन्ही अल्गोरिदम कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचे, पहिला २००२चा, दुसरा २०१४चा. पालक आणि संतती, म्हणजे जुनी उत्तरं आणि त्यांच्यापासून बनलेली नवी, एकत्र करून थर लावायची रीतही सारखीच: कुठेही कमी न पडता एका तरी उद्दिष्टात सरस असं दुसरं उत्तर ज्याला नाही, ते पहिल्या थरात. फरक पडतो तो शेवटच्या, अर्धवट मावणाऱ्या थरातून कुणाला ठेवायचं तिथे.

एनएसजीए-२ शेजारच्या उत्तरांमधलं अंतर पाहतो. उद्दिष्टं चार-पाच झाली, की बहुतेक उत्तरं पहिल्याच थरात येतात, आणि मग हे अंतर आघाडीपासून, म्हणजे सर्वोत्तम तडजोडींच्या रांगेपासून, दूर पडलेल्या एकाकी उत्तरांनाच जपत बसतं. पिढ्या वाढवून हा दोष जात नाही.

एनएसजीए-३ उद्दिष्टांच्या अवकाशात आधीच सारख्या अंतरावर आखलेल्या संदर्भबिंदूंना उत्तरं जोडतो. ३ उद्दिष्टं, प्रत्येक अक्षाचे १२ भाग: ९१ बिंदू. ५ उद्दिष्टं, ६ भाग: २१०. लोकसंख्या, म्हणजे एका पिढीतली उत्तरं, साधारण तितकीच लागते. एका सिम्युलेशनला १० मिनिटं लागत असतील, तर २१० उत्तरांची एकच पिढी एका यंत्रावर ३५ तास खाते. आघाडी तुटक असेल, तर कित्येक बिंदू रिकामेच राहतात.

सेटिंग: संकराचा वितरण निर्देशांक (संतती पालकांच्या किती जवळ राहते ते ठरवणारा आकडा) पहिल्यात २०, दुसऱ्यात ३०, उत्परिवर्तनाची, म्हणजे एखादं चल आपोआप थोडं बदलण्याची, शक्यता दोन्हींत १ भागिले चलसंख्या.

तीन उद्दिष्टांना दोन्ही चालतात. वेळ कमी असेल तर एनएसजीए-२. चार किंवा जास्त असतील तर एनएसजीए-३, पण त्याआधी सहसंबंध तपासा. वजन आणि साहित्यखर्च एकत्रच वाढत असतील, तर त्यातलं एक काढून टाका.