झोळ न पडणारी फळी: सागवान, प्लाय की एमडीएफ?

पुस्तकांचं कपाट घरीच करायचं ठरलं की गाडी फळीपाशी येऊन अडते. उभ्या बाजू कशाच्याही केल्या तरी निभावतं, आडव्या फळीचं तसं नाही, ती पुस्तकांच्या वजनाने मधोमध खाली वाकते, म्हणजेच झोळ पडतो. मी तिन्ही वापरून पाहिलंय, तेव्हा मी अगदी निःपक्षपाती आहे असं समजू नका.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड, आधीच बाजूला काढतो. कापायला सोपं, रंग तर सुरेखच बसतो. पण कायमच्या वजनाखाली ते हळूहळू वाकत जातं आणि पुस्तकं काढली तरी बाक पूर्ण जात नाही. मग फळी उलटी करून बसवा, काही महिन्यांनी पुन्हा सुलटी. शोभेच्या वस्तूंना ठीक आहे. लाकडाच्या चिपा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड त्याच्याही खालचं.

खरी चुरस सागवान आणि प्लायची. सारख्या जाडीत चांगलं सागवान जास्त ताठ असतं, कारण प्लायच्या जवळपास निम्म्या थरांमध्ये लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या असतात आणि ते लांबीच्या दिशेने फारसा भार घेत नाहीत. नुसता झोळच टाळायचा असेल तर सागवान घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

मी प्लायकडे वळलो तो झोळामुळे नव्हे, पिळामुळे. सलग लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि सगळीकडे सारखं नाही. माझ्या सागवानी फळीला झोळ म्हणाल तर शून्य. पण पुढचा डावा कोपरा आधाराच्या पट्टीवरून नखभर उचलला गेला. पुस्तक ठेवलं की टक्, काढलं की टक्. खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, तर हवा बदलल्यावर कोपरा आपोआप बसला आणि घडीमुळे दुसराच डुगडुगायला लागला! स्क्रूने घट्ट आवळावं म्हटलं तर लाकडाला हलायला जागा उरत नाही, मग ते चिरू शकतं. शिवाय मला फळ्या वरखाली सरकवता येणाऱ्याच हव्या होत्या. तुमच्या लाकडाला असं होईलच असं नाही. जुनं, मुरलेलं सागवान मिळालं तर बरंच शहाण्यासारखं वागतं म्हणतात.

प्लायमध्ये एकाआड एक थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून हा नखरा फार कमी. ताठपणाची उणीव पुढच्या कडेला सागवानी पट्टी उभी चिकटवून भरून निघते. ३० सेंमी रुंद, १८ मिमी जाड फळीला २० मिमी जाड आणि ४० मिमी उंच पट्टी लावली की झोळ निम्म्याहून कमी होतो. कापून घेताना वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीला धरून येतील एवढं बघा, त्या आडव्या आल्या तर पट्टी लावूनही मजा नाही.

अर्थात, कुठल्याही लाकडापेक्षा अंतराचा फरक मोठा. दोन आधारांमधलं अंतर ९० सेंमीवरून ६० वर आणलं, तर तशाच भरगच्च फळीचा झोळ साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. मध्ये आधार न देता ९० च्या पुढे जायचंच असेल तर २५ मिमी जाडीचाच विचार करा, मग ते प्लाय असो वा सागवान. आणि पट्टी फळीच्या खाली २२ मिमी उतरते, तेव्हा खालच्या कप्प्यातल्या उंच पुस्तकांचं माप आधी घेऊन ठेवा.