सेंट थॉमसची अर्ध्या दिवसाची टूर: डोंगर झकास, बाजार जरा जपून

डिसेंबरमध्ये सासू-सासरे आमच्याकडे आले होते, तेव्हा फ्लोरिडातून निघणारी कॅरिबियन क्रूझ केली. त्यात एक दिवस अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमस बेटावर, शार्लट अमाली गावात होता. तिथे 'साइटसीइंग अँड शॉपिंग' नावाची साडेचार तासांची टूर घेतली त्याबद्दल लिहितेय, कारण जायच्या आधी मी शोधत होते तेव्हा मराठीत काहीच सापडलं नाही आणि इंग्रजीत सगळे नुसतं 'अमेझिंग' लिहून मोकळे.

पहिला घोळ आमचाच. टूर बोटीकडून न घेता बाहेरून बुक केली (स्वस्त पडते, माणशी पंधरा-वीस डॉलर वाचतात) आणि भेटायची वेळ होती साडेनऊ. आता सेंट थॉमसमध्ये घड्याळ वर्षभर एकच असतं, पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात फ्लोरिडापेक्षा तिथे एक तास पुढे. आमच्या बोटीने घड्याळं बदलली नव्हती, फोन सगळ्यांचे एअरप्लेन मोडवर, त्यामुळे आम्ही मस्त निवांत दुसरा चहा घेत बसलो होतो तेव्हा गावात पावणेदहा वाजून गेले होते. हॅवनसाइटच्या धक्क्यावर धापा टाकत पोचलो तर आमची गाडी गेलेली. पण ऑफिसच्या मुलीने एक शब्द न बोलता दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. बोटीवरून टूर घेतली तर असा घोळ होत नाही, तुमची बस उशिरा आली तर बोट थांबते. बाहेरून घेतली तर बोट थांबत नाही. घाबरट असाल तर ते पंधरा-वीस डॉलर जाऊ द्या.

गाडी म्हणजे 'सफारी'. पिकअप ट्रकच्या मागच्या भागावर बाकडी टाकलेली, वर छप्पर, बाजू उघड्या. वारा छान लागतो पण चढताना पायरी उंच आहे, बाबांचा गुडघा दुखतो त्यामुळे त्यांना जरा त्रास झाला. गावातली माणसंही असल्याच सफारीतून काही डॉलरमध्ये ये-जा करतात. ड्रायव्हर साठीच्या बाई होत्या, माइकवरून बोलत होत्या. माझ्या नवऱ्याने उतरल्या उतरल्या त्यांना विचारलं, टॉयलेट कुठे आहे? बाईंनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." हा परत विचारतोय, त्या परत "गुड मॉर्निंग." मग याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिथली रीतच आहे, दुकानात शिरा, गाडीत बसा, रस्ता विचारा, आधी गुड मॉर्निंग म्हणायचं आणि मग काम सांगायचं. नाही म्हटलं तर तुम्ही उद्धट. आईंना हे एवढं आवडलं की पुढे दिवसभर त्या दिसेल त्याला गुड मॉर्निंग करत होत्या, अगदी दुपारी दोन वाजेपर्यंत.

अजून एक गंमत म्हणजे बेट अमेरिकेचं पण गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि स्टिअरिंग मात्र अमेरिकन गाड्यांसारखं डावीकडेच. बरोबरचे अमेरिकन लोक प्रत्येक वळणावर दचकत होते. आम्हाला रस्ता बरोबर वाटत होता आणि ड्रायव्हर चुकीच्या जागी बसल्यासारखी.

डोंगराचा भाग म्हणजे या टूरचा जीव. स्कायलाइन ड्राइव्ह नावाच्या रस्त्याने वर चढतात, वळणं अशी की समोरून गाडी आली की आई डोळे मिटत होत्या. पहिला थांबा ड्रेक्स सीट, दगडी बाक आहे एक. सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक इथे बसून समुद्रातली जहाजं बघायचा अशी आख्यायिका, खरं-खोटं तो ड्रेकच जाणे, पण जागा त्याने (किंवा ज्याने कोणी) काय निवडलीय! खाली मेगन्स बे, जवळजवळ मैलभराचा पांढरा किनारा, पाण्याचे तीन-चार निळे, आणि लांबवर ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचे डोंगर. तो किनारा एका धनिकाने १९४६ मध्ये बेटावरच्या लोकांना देऊन टाकला, म्हणून तिथे आजही एकसुद्धा हॉटेल नाही. पोहायला जायचं तर तिकीट आहे, या टूरमध्ये ते नव्हतं, नुसतं वरून बघायचं. मग माउंटन टॉप, साधारण दीड हजार फुटांवर, तिथली बनाना डकिरी (केळं आणि रमचं थंडगार पेय) प्रसिद्ध. आम्ही एकच घेऊन तिघांत प्यायलो (बाबांची बिनदारूची वेगळी). गोड आहे, थंड आहे, केळं आहे. प्रसिद्ध का आहे ते दुसऱ्या घोटानंतर कळतं.

वर जाताना बाई घरं दाखवत होत्या आणि म्हणाल्या, बेटावर एकही नदी नाही, घर बांधायचं तर पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधावीच लागते, कायदाच आहे. छपराचं पाणी पन्हळीतून घराखालच्या टाकीत. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. तोपर्यंत गप्प होते, ते एकदम जागे झाले, टाकी केवढी, गाळतात कसं, उन्हाळ्यात पुरतं का, मी भाषांतर करून करून दमले. पुरत नाही तेव्हा टँकर मागवायचा, आणि सरकारी पाणी येतं ते समुद्राचं गोडं केलेलं. २०१७ मध्ये सप्टेंबरात इर्मा आणि मग दोन आठवड्यांच्या आत मारिया, दोन्ही पाचव्या श्रेणीची वादळं, तेव्हा छपरंच उडाली म्हणजे पाणीही गेलं, हे बाईंनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मागच्या बाकावरचे लोक फोटो काढत होते. मला तरी पूर्ण टूरमधलं सगळ्यात लक्षात राहिलेलं वाक्य हेच.

आता तक्रारी.

गावात उतरल्यावर 'ऐतिहासिक स्थळे' जी कागदावर लिहिली होती ती चालत्या गाडीतून. लाल रंगाचा फोर्ट ख्रिश्चन, १६७०च्या दशकात डेन्मार्कच्या लोकांनी बांधायला घेतलेला, पुढे कित्येक वर्षं तुरुंग होता, तो उजवीकडे, फोटो काढा, चला. हिरव्या रंगाची विधानसभेची इमारत, फोटो, चला. डेन्मार्कने ही बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकली ती ३१ मार्च १९१७ ला, पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मनीने इथे पाणबुड्यांचा तळ केला तर काय ही अमेरिकेला भीती. आणि इमॅन्सिपेशन गार्डन! १८४८ च्या ३ जुलैला शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर गुलाम हजारोंनी जमले आणि गव्हर्नरला सगळ्यांच्या मुक्तीची घोषणा करावी लागली, त्याची आठवण म्हणून ही बाग, शंख फुंकणाऱ्या माणसाचा पुतळा आहे तिथे. त्याला मोजून अर्धा मिनिट. का, तर पुढे दुकानात वेळ द्यायचा होता. बाईंचा यात दोष नाही, त्यांना वेळापत्रक दिलेलं असतं, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

तर दुकान. 'शॉपिंगसाठी दोन तास मोकळे' असं लिहिलं होतं, त्यातली पहिली चाळीस मिनिटं एका ठरावीक दागिन्यांच्या दुकानात. टॉयलेट आहे, थंड पाणी आहे, एसी आहे, फुकट ब्रेसलेट आहे, बाहेर काढता पाय निघू नये अशी सगळी व्यवस्था. बोटीवरही शॉपिंगचं भाषण देणारा माणूस असतो आणि नकाशा वाटतो, त्या नकाशावरची दुकानं जाहिरातीचे पैसे भरून आलेली असतात हे लक्षात ठेवा, 'शिफारस' म्हणजे शिफारस नव्हे.

तिथे बरेचसे जवाहिरे आपल्याकडचेच, सिंधी. आम्हाला बघून काउंटरवरचे काका लगेच हिंदीत, "आइए बहनजी, अपनी ही दुकान समझिए." मी टांझानाइट या निळ्या रत्नाचं पेंडंट बघत होते. ९०० डॉलर. मग "आप इंडिया से हैं तो" ६५०. आईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, ५००. आई उठल्या, ४२०. बाबा आधीच दारात उभे होते, तर दारापर्यंत मागे येऊन "लास्ट प्राइस" ३५०. बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "अगं, जी वस्तू काउंटरपासून दारापर्यंत चालत येईस्तोवर ५५० रुपयांनी उतरते, ती मुळात केवढ्याची असेल?" डॉलर, आई. "तेच ते."

घेणार असाल तर दोन गोष्टी सांगते. टांझानाइट फक्त टांझानियात मिळतो आणि रंग सुंदर असतो हे खरं, पण तो नाजूक असतो, रोज वापरायच्या अंगठीत ओरखडे पडतात, कानात-गळ्यात ठीक. आणि जवळपास सगळ्याच टांझानाइटचा तो निळा रंग तापवून आणलेला असतो, त्यामुळे 'नॅचरल कलर' म्हणून कोणी जास्त पैसे लावले तर हसा. दुसरं म्हणजे ड्यूटी फ्री हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. तिथे सेल्स टॅक्स नाही हे खरं, अमेरिकेत राहणाऱ्यांना इथून माणशी १६०० डॉलरपर्यंतची खरेदी ड्यूटी न भरता नेता येते हेही खरं, पण दुकानदाराने किंमतच दुप्पट सांगितली असेल तर ड्यूटी वाचून काय करायचंय! घरून निघताना त्याच वस्तूचा ऑनलाइन भाव बघून जा, एवढं पुरे. दारू मात्र खरंच स्वस्त. सेंट क्रॉयची क्रूझन रम घेतली, बोटीत चढताना बाटली काढून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात, घाबरू नका.

उरलेल्या वेळात आम्ही खरेदी सोडून गाव बघितलं आणि दिवस तिथे वसूल झाला. मेन स्ट्रीटचं जुनं डॅनिश नाव द्रोनिंगेन्स गाडे, म्हणजे राणीचा रस्ता, सगळ्या रस्त्यांच्या पाट्यांवर असं 'गाडे' आहे आणि बाबा प्रत्येक पाटी "राजाचा रस्ता, गडे" "राणीचा रस्ता, गडे" अशी लाडात वाचत होते. ही सगळी हिऱ्यांची दुकानं म्हणजे मुळात व्यापाऱ्यांची गोदामं. जाड दगडी भिंती, लोखंडी दारं, मधून समुद्राकडे उतरणाऱ्या अरुंद बोळी. वर मान करून बघितलं तरच कळतं, खाली बघितलं की नुसते रोलेक्सचे बोर्ड. याच रस्त्यावरच्या एका घरात १८३० मध्ये चित्रकार कामीय पिसारो जन्मला, इम्प्रेशनिस्टांपैकी एक. आमच्या टूरमध्ये त्याचं नावही नाही.

मग थोडं चढून क्रिस्टल गाडेवर सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), १८३३ची इमारत, आणि आत जमिनीवर चक्क वाळू. फरशीवर पसरलेली पांढरी वाळू, चालताना पावलांचा आवाजच येत नाही. स्पेनमध्ये धर्मछळाच्या काळात ज्यू लोक लपून प्रार्थना करायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वाळू टाकायचे, त्याची आठवण असं सांगतात. आई चप्पल काढायला वाकल्या, सवयीने. आम्ही चौघंच होतो आत. चारशे पावलांवर लोक फुकट ब्रेसलेटच्या रांगेत उभे होते.

नाइन्टी-नाइन स्टेप्सला मी आणि नवरा गेलो, जहाजात वजनाला भरून आणलेल्या विटांचा जिना आहे, पायऱ्या प्रत्यक्षात १०३, मी मोजल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच फोटो काढावा. आई-बाबा खाली सावलीत बसून जॉनीकेक खात होते, तळलेली जाड गोडसर पुरी म्हणा. शेजारी पाटे मिळतात, करंजीसारखे, पण आत बहुतेक बीफ, चिकन किंवा खारवलेला मासा, त्यामुळे शाकाहारी असाल तर विचारून घ्या (आधी गुड मॉर्निंग).

मी शेवटी व्हेंडर्स प्लाझाच्या तंबूत २५ डॉलरचं लारिमारचं छोटं पेंडंट घेतलं. आकाशी दगड, डॉमिनिकन रिपब्लिकमध्येच सापडतो. खरा आहे की नाही देव जाणे, पण २५ डॉलरला मला चालतो.

परत धक्क्यावर जायला टूरची गाडी होती, पण आम्ही गावातच रेंगाळलो आणि मग टॅक्सी केली. भाडं सरकारने ठरवून दिलेलं असतं, माणशी असतं गाडीचं नाही, बसायच्या आधी विचारा. चालतही जाता येतं वॉटरफ्रंटने, अर्धा तास, पण ऊन डिसेंबरातही मी म्हणतं.

पाचपैकी साडेतीन देते. तीन ड्रायव्हर बाईंना आणि डोंगराला, अर्धा उशिरा येऊनही गाडीत घेतल्याबद्दल. बाईंना टिप द्यायला विसरू नका. आम्ही दिली तेव्हा बाबा म्हणाले, त्यांना विचार, त्यांच्या घरची टाकी किती लिटरची आहे.