दहा महिने, ६१ क्वेरी: एजंट शोधतानाचा अनुभव

दहा महिन्यांत मी ६१ साहित्यिक एजंटांना (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणाऱ्या मध्यस्थांना) क्वेरी, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारी पत्रं, पाठवल्या. ३४ जणांचा नकार आला, २० जणांनी उत्तरच दिलं नाही आणि ७ जणांनी हस्तलिखित मागवलं. एजंट अजून मिळालेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एजंट मिळाल्यावर लिहिलेले अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात, पण मधल्या टप्प्यावर अडकलेल्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मला तरी झाला नाही.

माझी कादंबरी इंग्रजीत आहे. माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची, आणि १९८२ च्या गिरणी संपात त्या खाणावळीचं काय झालं ते ऐकत मी मोठी झाले. त्यातूनच हे पुस्तक आलं. मराठीत लिहिलं असतं तर हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे गेले असते. आपल्याकडे एजंट ही पद्धतच नाही. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन या संपादकांनी कितीतरी लेखक घडवले ते लेखकाशी थेट बोलून, आणि ‘सत्यकथा’ मासिकाकडून ‘साभार परत’ येणं हासुद्धा एक थेट संवादच होता. अमेरिकेत मोठ्या पाच प्रकाशकांकडे एजंटाशिवाय गेलेलं हस्तलिखित बहुतेक वेळा वाचलंच जात नाही. एजंट पुस्तक निवडतो, दुरुस्त्या सुचवतो, संपादकांकडे नेतो, करार करतो आणि तुम्हाला मिळणाऱ्या पैशांतून साधारण १५ टक्के घेतो. परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के. व्यवसाय जुना आहे. लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी १८७५ च्या सुमारास तो सुरू केला, तेव्हा ते १० टक्के घेत.

या एजंटाला लिहायचं एका पानाचं पत्र म्हणजे क्वेरी. साधारण तीनशे शब्द. त्यातले दोनशे-अडीचशे पुस्तकाच्या गोष्टीचे. उरलेल्यांत पुस्तकाचा प्रकार, शब्दसंख्या, शेल्फवर ज्यांच्या शेजारी आपलं पुस्तक शोभेल अशी अलीकडची दोन पुस्तकं, आणि तुम्ही कोण ते दोन ओळींत. कादंबरी असेल तर ती पूर्ण झालेली असावी लागते, अर्ध्यावर असताना पत्र पाठवायचं नाही.

माझं पहिलं पत्र १२ जणांना गेलं. बारापैकी एकानेही हस्तलिखित मागवलं नाही. आज ते वाचते तेव्हा कारण लख्ख दिसतं. मी मनोगत लिहिलं होतं. आपण पुस्तकाच्या सुरुवातीला लिहितो तसं. १८ जानेवारी १९८२ ला संप कसा सुरू झाला, अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत, गिरणगाव, मग माझी आजी, मग मला हा विषय का महत्त्वाचा वाटतो, मग ‘भूक, श्रम आणि विस्थापन यांचा शोध’. माझी नायिका अकराव्या ओळीत येत होती, आणि तीही नावाशिवाय.

न्यूयॉर्कच्या एजंट जॅनेट रीड यांनी ‘क्वेरी शार्क’ या ब्लॉगवर लोकांनी पाठवलेली पत्रं ओळ न् ओळ तपासून दाखवली होती. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्या तपासण्या मी दोन महिने रोज रात्री वाचल्या. त्यांचा रोख पुन्हा पुन्हा तिथेच येतो: गोष्ट कुणाची, तिला काय हवंय, आड काय येतंय आणि तिने निवड केली तर तिचं काय जाईल. मग मी पत्र फाडून पुन्हा लिहिलं. इंग्रजीतल्या मुख्य परिच्छेदाचा मराठीत अर्थ असा:

‘लालबागच्या दोन खोल्यांत सुमन रोज चाळीस गिरणी कामगारांना जेवू घालते. पैसे महिन्याच्या पगाराला. संप लागतो आणि पगार थांबतो. चौथ्या महिन्यात वाणी तिची उधारी बंद करतो, आणि त्याच आठवड्यात गिरणीचा माणूस दारात येतो: संप मोडून आत गेलेल्यांचे डबे कर, रोख देतो. तिच्या पंगतीला बसणाऱ्या चाळिसांत तिचा सख्खा भाऊ आहे.’

पाच वाक्यं. सात आठवडे लागले. पण ती लिहिताना जे कळलं ते मला दोन वर्षांच्या लेखनात कळलं नव्हतं. पत्राला भाऊ पहिल्या परिच्छेदातच हवा होता, आणि माझ्या कादंबरीत तो नवव्या प्रकरणात उगवत होता! खोट पत्रात नव्हती, पुस्तकातच होती. मी क्वेरी पाठवणं थांबवलं, भावाला पहिल्या प्रकरणात आणलं, मधली चार प्रकरणं नव्याने लिहिली. या सगळ्या उद्योगाचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा हाच. म्हणून आता जो विचारेल त्याला मी सांगते, पत्राचा कच्चा खर्डा कादंबरी अर्धी झाल्यावरच करून पाहा. पाठवू नका, फक्त करून पाहा.

भाषेचीही एक ठेच लागली. खाणावळीला मी ‘मेस’ लिहिलं होतं. आपल्या इंग्रजीत ते सहज चालतं. न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने पत्र वाचलं आणि म्हणाली, ‘ताई, इथे मेस म्हणजे पसारा. तुझी सुमन पसारा घालते असं वाचलं जाईल.’ मग मी ‘खाणावळ’ हाच शब्द ठेवला आणि पुढच्याच वाक्यात पंगत दाखवली, अर्थ आपोआप कळला. ‘अडीच लाख’ काढून ‘क्वार्टर मिलियन’ केलं. पत्र एकदा तरी तिकडे राहणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

शेजारची पुस्तकं शोधणं मला सर्वांत जड गेलं. ती साधारण गेल्या तीन-पाच वर्षांतली हवीत, आणि फार गाजलेली नकोत. पुण्यात नव्या अमेरिकी लेखकांच्या पहिल्या कादंबऱ्या चटकन हाती लागत नाहीत. ई-बुकांची फुकट मिळणारी सुरुवातीची पानं वाचून मी निवड केली आणि शेवटी निवडलेली दोन विकत घेऊन पूर्ण वाचली. न वाचलेल्या पुस्तकाचं नाव पत्रात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाठवण्याच्या हिशेबासाठी मी क्वेरीट्रॅकर हे संकेतस्थळ वापरलं. कोण सध्या क्वेरी घेतंय, कोण बंद आहे, आपण कुणाला कधी पाठवलं, हे एका जागी राहतं. त्याशिवाय ६१ पत्रांचा माग मला ठेवता आला नसता. कोणता एजंट कोणत्या प्रकारची पुस्तकं विकतो ते पाहायला पुस्तकांच्या सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या पब्लिशर्स मार्केटप्लेस या संकेतस्थळाची एका महिन्याची वर्गणी भरली. तिथल्या सौद्यांच्या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. ‘नाइस डील’ म्हणजे ४९ हजार डॉलरपर्यंत, ‘मेजर डील’ म्हणजे ५ लाख डॉलर आणि वर. महिनाभर नीट टिपणं काढली तर पुढे वर्गणी लागत नाही.

अमेरिका आणि ब्रिटन यांचे रिवाज वेगळे आहेत, ते मिसळू नका. अमेरिकेतले बरेच एजंट जोडलेली फाइल उघडत नाहीत, नमुन्याची पानं मेलमध्येच चिकटवायची किंवा त्यांच्या फॉर्ममध्ये भरायची. ब्रिटनमध्ये बहुधा पत्र, पहिली तीन प्रकरणं आणि एका पानाचा सारांश मागतात. सारांशात शेवटही सांगायचा असतो. क्वेरीत मात्र सुमनच्या दारात तो माणूस उभा राहिला की थांबायचं. एकाच एजन्सीतल्या दोघांना एकाच वेळी पाठवायचं नाही. आणि आधी स्वतःला एक मेल पाठवून बघा. माझ्या पहिल्या तीन पत्रांत अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन उमटले होते.

चौथ्या महिन्यात एका ‘एजंट’चा मेल आला. पुस्तक फार आवडलं, वाचनाचे ३०० डॉलर भरा. इतके नकार पचवल्यावर असं कौतुक आलं की माणूस हलतो. मी बँकेचं ॲप उघडलं होतं. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, ‘पुस्तक विकल्यावर घेणार होते ना पैसे?’ मग मी ‘रायटर बिवेअर’ वाचलं. व्हिक्टोरिया स्ट्रॉस आणि ए. सी. क्रिस्पिन यांनी १९९८ मध्ये लेखकांना अशा फसवणुकीपासून सावध करण्यासाठी ते सुरू केलं. खरा एजंट वाचायचे पैसे घेत नाही. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेतच ते बसत नाही. हे मला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं, म्हणून इतकं तपशिलात सांगतेय.

वाट पाहणं कठीण आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास, त्यामुळे उत्तरं रात्री येतात आणि झोप उडते. डिसेंबरात बरेच जण क्वेरी घेणं बंद ठेवतात. मी सहाव्या महिन्यापासून मोबाइलवरची सूचना बंद केली आणि मेल फक्त सकाळी चहानंतर उघडायचा असं ठरवलं. एका वेळी सात-आठच पत्रं पाठवायची, हेही तेव्हाच ठरवलं. सगळी यादी एकदम संपवली तर पत्र सुधारून पाठवायला कुणी उरत नाही.

नव्या पत्रावर ४९ जणांपैकी ७ जणांनी हस्तलिखित मागवलं. चौघांनी सगळं वाचून नाही म्हटलं. दोघांकडे अजून आहे. सातव्या एजंटने दीड पानाचं पत्र लिहून दुरुस्त्या करून पुन्हा पाठवायला सांगितलं. होकार नव्हे तो, पण कुणीतरी अनोळखी माणसाने सुमनबद्दल दीड पान लिहिलं, ते मी तीनदा वाचलं. त्यांचा मुख्य प्रश्न होता: सुमन उधारी कुठे लिहून ठेवते, ती वही पुस्तकात का दिसत नाही?

आजीची वही माझ्याकडे नाही. पण तिच्यातली नावं आईला आठवतात. कोण किती पोळ्या खायचा, कोणी संपानंतर गावाहून मनिऑर्डर पाठवली, कोण परत दिसलाच नाही. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी आई सांगते आणि मी टिपून घेते. सुमनच्या वहीची चौदा पानं झाली आहेत.