बॉस्टनजवळचं आर्मेनियन म्युझियम: भरतकाम येत असेल तर चुकवू नका

वॉटरटाउन स्क्वेअरमधली ही काँक्रीटची बोजड इमारत बाहेरून बँकेसारखी दिसते. एके काळी ती बँकच होती. आता तिथे आर्मेनियन म्युझियम ऑफ अमेरिका आहे. संस्था 1971 सालची. हार्वर्ड स्क्वेअरहून 71 नंबरची बस वॉटरटाउन स्क्वेअरला येते, तरी बॉस्टनची आपली मंडळी पाहुण्यांना हार्वर्ड दाखवून परत फिरतात, इकडे कुणी वळत नाही.

एक आधीच सांगून टाकते: मी भरतकामाचे क्लास घेते. आधी सांगलीत घ्यायचे, आता इथे घरच्या घरी. त्यामुळे माझं मत एकांगी असणारच.

म्युझियममध्ये 1207 सालची गॉस्पेलची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राची, हस्तलिखित पोथी आहे, नाणी आहेत, गालिचे आहेत. मी रेंगाळले ती भरतकामापाशी. मराश, ऐनताब, उर्फा, व्हान ही सगळी आज तुर्कस्तानात असलेली गावं, आणि दर गावाचा हात निराळा. ऐनताबचं काम पांढऱ्यावर पांढरं, कापडातले धागे ओढून काढायचे आणि उरलेल्या धाग्यांची जाळी बांधायची. मराशचा नमुना बघितला आणि मी मोठ्यानेच म्हणाले, "अगं बाई, हा तर आपला सिंधी टाका!" कच्छी भरतात जो चौफुला असतो ना, हुबेहूब तोच. आधी कापडावर तिरप्या टाक्यांचा सांगाडा घालायचा. मग दुसरा धागा त्या सांगाड्यातून एकदा वरून, एकदा खालून विणत न्यायचा, कापडाला सुई न लावता. सांगाड्यात एक टाका जरी उलटा पडला, तरी शेवटी धागा अडतो आणि सगळं उसवावं लागतं. माझ्या विद्यार्थिनी इथेच रडकुंडीला येतात. मराशच्या बायकांनी अशी फुलं इतकी खेटून भरली आहेत की मधे कापड जेमतेम दिसतं. उलटी बाजू बघायला मिळाली असती तर काय हवं होतं! या टाक्याला मागे नुसते बारीक ठिपके उमटतात, आणि बाईचा हात किती तयार होता ते तिथे कळतं. पण काचेआडच्या वस्तूला कोण हात लावू देणार?

हे काम नुसतं रुखवतात मांडायचं नव्हतं. 1895 मध्ये ऑटोमन तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या. त्यानंतर उर्फात कोरिना शॅटक या अमेरिकन मिशनरी बाईंनी विधवांना रुमाल भरायच्या कामाला लावलं, आणि त्यावर घरं चालली. आपल्याकडे पंडिता रमाबाई केडगावला दुष्काळातल्या बायकांना हाताला काम देत होत्या, तो काळ फार लांबचा नाही. मग 1915 आलं, आणि ऑटोमन सरकारने आर्मेनियनांचा नरसंहार सुरू केला. गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. वाचलेल्या बायका आणि अनाथ मुली अलेप्पो, बैरूतमध्ये पुन्हा सुई घेऊन बसल्या. या कपाटांकडे कुणी 'हस्तकला' म्हणून बघत पुढे सरकलं की मला राग येतो.

अर्शील गॉर्की हा चित्रकार याच वॉटरटाउनमध्ये राहिला होता, रबराच्या कारखान्यात कामाला होता. 1912 मध्ये व्हानला त्याचा आणि आईचा फोटो काढला होता, अमेरिकेत गेलेल्या वडिलांना पाठवण्यासाठी. 1919 मध्ये आई येरेव्हानला उपासमारीने गेली. त्या फोटोवरून तो वर्षानुवर्षं दोन चित्रं रंगवत, खरवडत राहिला. ती इथे नाहीत. एक न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे, दुसरं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. फोटोत आईच्या अ‍ॅप्रनवर फुलं भरलेली आहेत. चित्रात सपाट रंग, एकही फूल नाही. आणि 1944 मध्ये हाच माणूस एका अमूर्त चित्राला नाव देतो, 'माझ्या आईचा कशिद्याचा अ‍ॅप्रन माझ्या आयुष्यात कसा उलगडतो'. आधी हे म्युझियम बघा आणि मग ती चित्रं. मला तरी त्या कोऱ्या अ‍ॅप्रनकडे बघवलं नाही.

गालिच्यांत विणणारीने आर्मेनियन अक्षरांत नाव आणि साल गुंफलेले नमुने शोधा. कडेला, कोपऱ्यात असतात, घाईत सुटतात. यूसुफ कार्श यांचे फोटो उत्तमच. चर्चिलचा तो रागीट फोटो काढणारा माणूस आज तुर्कस्तानात असलेल्या मार्दिनमधून लहानपणी जीव वाचवून आलेला, हे मला ठाऊक नव्हतं. रुग्णांना स्वेच्छामरणासाठी मदत करून 'डॉक्टर डेथ' म्हणून गाजलेले अमेरिकन डॉक्टर केव्होर्कियन हेही नरसंहारातून वाचलेल्या अशाच घरातले, त्यांची चित्रंही या संग्रहात आहेत. मृत्यू, नरसंहार असले विषय भयंकर आहेत हे मान्य, पण ती चित्रं अंगावर ओरडतात. मला नाही आवडली.

दोन तास हाताशी ठेवा. भिंग नेलंत तर उत्तम, निदान चष्मा विसरू नका. शाळकरी मुलं गालिच्यांपर्यंत टिकतील, पुढे कंटाळतील. जायच्या आधी वेळा बघून घ्या, रोज उघडं नसतं. आणि येताना माउंट ऑबर्न स्ट्रीटवरच्या आर्मेनियन दुकानांत डोकवा. लाहमाजुन म्हणजे पातळ रोटीवर थापून भाजलेला खिमा, आमच्याकडे घरी पोचेपर्यंत उरत नाही. मांस न खाणाऱ्यांनी कलौंजी घातलेलं, पेड घातलेलं चीज घ्यावं. फार खारट असतं, थोडा वेळ पाण्यात ठेवा.