भीड आणि दंड : दोन वाटांची तुलना

इतरांची अडचण ओळखून माणसांनी वागावे, यासाठी समाजाकडे दोन साधने असतात : एक परस्परांची भीड, दुसरे पैशाचा दंड. आधुनिक भांडवलशाहीचा ओढा दुसऱ्याकडे आहे, कारण दंड मोजता येतो आणि नोंदवता येतो.

उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांचा इस्रायलमधील हैफा शहरातल्या पाळणाघरांविषयीचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांपुढे तोवर, आपल्यामुळे शिक्षिकेला ताटकळावे लागते, एवढीच काय ती बोच होती. 10 पैकी 6 पाळणाघरांनी 10 मिनिटांहून अधिक उशिराला 10 शेकेल दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे घटण्याऐवजी हळूहळू जवळपास दुप्पट झाले. पालकांच्या लेखी तो जादा वेळेचा मोबदला ठरला. आणि पैसे मोजल्यावर ओशाळायचे कशाला? मला त्याहून अस्वस्थ करते ते हे, की दंड रद्द केल्यावरही उशीर कमी झाला नाही.

भिडेची बाजूही निर्दोष नाही; ती ओळखीच्या वर्तुळाबाहेर फारशी चालत नाही आणि दुबळ्यालाच अधिक दाबते. कारखान्याने नदीत सांडपाणी सोडू नये म्हणून मालकाच्या संकोचावर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. तेथे दंडच हवा, आणि तोही वाचलेल्या खर्चापेक्षा जड. मात्र शिक्षण, शुश्रूषा, शेजार अशा आपुलकीवर चालणाऱ्या व्यवहारांत दंडाचा दर ठरवण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.